कुठलं काम घरी करायचं आणि कुठे हात लावायचा नाही

वाचकाचं पत्र

ताई, गेल्या दिवाळीत आम्ही डोंबिवलीत रीसेलचा फ्लॅट घेतला. इमारत २२ वर्षं जुनी आहे, आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. कर्जाचा हप्ता गेल्यावर हातात फारसं उरत नाही, म्हणून माझ्या नवऱ्याने ठरवलंय की घरातली सगळी दुरुस्ती आपणच करायची. तो व्हिडिओ बघून शिकतो. नळाचा वायसर, फ्लशची टाकी, दाराची कडी त्याने नीट केली आणि मला कौतुकही वाटलं. पण मागच्या आठवड्यात पंख्याचा कपॅसिटर बदलताना त्याला शॉक बसला आणि तो स्टुलावरून खाली आला. मेन एमसीबी (विजेचा मुख्य खटका) खाली केला होता, इन्व्हर्टरला तर हातही लावला नव्हता, तरी असं कसं झालं? सासूबाई आता म्हणतात, खिळासुद्धा ठोकायचा तर माणूस बोलवा.

दुसरं म्हणजे बाथरूमच्या छताला ओल आली आहे, थेंब पडतात. वरच्या मजल्यावरचे म्हणतात, 'आम्ही आठ दिवस गावाला होतो तरी तुमच्याकडे गळत होतं, म्हणजे आमचा संबंध नाही.' प्लंबर तीन वेळा येऊन पैसे घेऊन गेला, फरक शून्य. नवरा आता वॉटरप्रूफ रंग मारायचं म्हणतोय. शिवाय हॉल आणि किचनमधली भिंत काढायचा त्याचा विचार आहे. मे महिन्यात संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या घरी जाऊन पडवीवरचे सिमेंटचे पत्रेही तो स्वतः चढून बदलणार आहे. मी अडवलं की त्याला वाटतं माझा त्याच्यावर विश्वास नाही. मी कुठे अडवू आणि कुठे अडवू नको?

एक वाचक, डोंबिवली

सल्ला

इन्व्हर्टरला हात लावला नव्हता, हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण शॉकचं कारण बहुतेक तिथेच आहे. म्हणून त्यापासून सुरुवात करते.

इन्व्हर्टरचं काम एकच: बाहेरची वीज गेली की बॅटरीतून पंखे आणि दिवे चालवायचे. वीज महावितरणकडून गेली की आपण मेन एमसीबी खाली केल्यामुळे गेली, हे त्याला कळत नाही. तुमच्या यजमानांनी मेन बंद केला त्याच क्षणी इन्व्हर्टर जागा झाला आणि पंख्याच्या तारेत पुन्हा २३० व्होल्ट आले. बॅटरी १२ व्होल्टची असते म्हणून अनेकांना तो शॉक सौम्य असेल असं वाटतं. तसं नसतं. इन्व्हर्टरमधून बाहेर पडणारी वीज भिंतीतल्या विजेइतकीच जीव घेणारी असते. नुसता इन्व्हर्टर बंद करूनही भागत नाही, कारण बाहेरची वीज चालू असली की अनेक इन्व्हर्टर बंद दिसत असतानाही ती तशीच पुढे सोडतात. पंख्याला हात लावायचा असेल तर मेन आणि इन्व्हर्टर, दोन्ही बंद हवेत.

दुसरी एक शक्यताही तपासून घ्यायला हवी. जुन्या इमारतींत कुणीतरी कधीतरी फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी तार) उलटे जोडून ठेवलेले असतात. साधा एमसीबी एकच तार तोडतो. ती तार न्यूट्रल निघाली तर पंखा बंद पडतो, दिवा विझतो, पण तार जिवंतच राहते. म्हणून वीज बंद केली एवढ्यावर कुणीच विश्वास ठेवू नये. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये घालून पेटतो का ते बघावं, मग ज्या तारेला हात लावायचा तिथे दोन्ही तारांवर लावावा, आणि मग पुन्हा एकदा चालू सॉकेटवर लावून तो अजून शाबूत आहे ना हे बघावं. बिघडलेला टेस्टर चालू तारेवरही पेटत नाही.

या आठवड्यात परवानाधारक वायरमनला बोलवा आणि त्याच्याकडून चार गोष्टी करून घ्या. फेज-न्यूट्रल सगळीकडे सरळ आहेत का, अर्थिंग खरोखर लागतं का, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा खटका) आहे का, आणि इन्व्हर्टरवर चालणाऱ्या लाइनलाही तसं संरक्षण मिळतं का. शेवटचा प्रश्न आवर्जून विचारा. मीटरकडच्या बाजूला बसवलेला आरसीसीबी बॅटरीवर चाललेल्या लाइनला वाचवेलच असं नाही. एमसीबी तारा जळण्यापासून वाचवतो आणि आरसीसीबी माणसाला. बऱ्याच घरांत पहिला असतो, दुसरा नसतो. असेल तर त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडून वीज तोडतो का ते बघत जा. हे काम घरातलं कुणीही करू शकतं, सासूबाईसुद्धा.

विजेच्या बाबतीत घरच्या माणसाची हद्द कुठे संपते, हे ठरवायला वाद घालायची गरज नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी ती आखून दिली होती आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांनीही तीच ठेवली. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरण यांची बदली, तीही जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तर, एवढं सोडून बाकी सगळं काम परवानाधारकाने करायचं असतं. मला ही हद्द फार शहाणपणाची वाटते. तुमच्या यजमानांना कपॅसिटर बदलायची मुभा आहे, फक्त पद्धत चुकली. पण ६ अँपिअरच्या सॉकेटच्या जागी १६ अँपिअरचं सॉकेट लावून त्यावर गीझर चालवायचा, हे वरवर तेवढंच सोपं दिसलं तरी त्या हद्दीबाहेर आहे. पाठीमागची तार दीड चौरस मिलिमीटरची किंवा त्याहूनही बारीक असते. गीझरला किमान अडीचची लागते, मोठ्या गीझरला आणि एसीला चारची. बारीक तार भिंतीच्या आत तापत राहते, बाहेरून काही दिसत नाही, आणि महिन्यांनी एखाद्या रात्री जळका वास येतो.

घरी करायचं की नाही हे हात किती सफाईदार आहे त्यावर ठरवू नका. चूक झाली तर ती लगेच आणि आपल्या डोळ्यांसमोर दिसेल का, आणि तिथून मागे फिरता येईल का, हे विचारा. नळाचा वायसर चुकीचा बसला तर कॉक सोडल्यासोडल्या पाणी ठिबकतं. पुन्हा बंद करा, पुन्हा बसवा. नुकसान काय झालं तर दहा-वीस रुपयांचा वायसर. भिंतीतली तार, छतावरचं पाणी, खांबातली सळई इथली चूक लपून बसते आणि बाहेर येते तेव्हा तिची किंमत कुणी भलताच मोजतो. कधी ती खालच्या मजल्यावरचे मोजतात, कधी पुढच्या वर्षी त्याच बटणाला ओला हात लावणारं मूल. अंगावर कोसळणारं आणि अंगातून जाणारं काही असेल तर पहिल्या चुकीनंतर दुसरी संधी नसते.

या कसोटीवर तुमच्या यजमानांकडे बरंच काम उरतं, आणि ते त्यांनी जरूर करावं. वायसर, स्पिंडल, अँगल कॉकची नळी, फ्लशच्या टाकीतला फ्लोट, बेसिनखालचा बॉटल ट्रॅप उघडून साफ करणं, नहाणीची जाळी, कडीकोयंडे, कुरकुरणाऱ्या बिजागऱ्या, दारं घासतात तिथे रंधा मारणं, खिळ्यांची भोकं लांबी (पुट्टी) भरून बुजवणं, कोरड्या भिंतीला रंग. यात पैसे वाचतातच, शिवाय घराची ओळख होते. आपल्या घरातला कुठला कॉक कुठलं पाणी बंद करतो हे ज्याला माहीत आहे, त्याच्या घरी मध्यरात्री नळी फुटली तरी दोन मिनिटांत पाणी थांबतं. सगळ्या कॉकांना चिठ्ठ्या बांधून ठेवायला त्यांना सांगा. जे कॉक वर्षानुवर्षं फिरवलेले नाहीत ते अडकतात, तेव्हा महिन्या-दोन महिन्यांनी एकदा फिरवतही जा.

नळांबाबत एक इशारा मात्र देते. २२ वर्षं जुन्या इमारतीत भिंतीतले पाइप गॅल्वनाइज्ड लोखंडाचे असण्याची बरीच शक्यता आहे. बाहेरून नळ छान दिसतो, पण आतले आटे गंजून कागदासारखे झालेले असतात. पान्हा लावून जोर केला की आटे नळाबरोबर बाहेर येतात आणि पाइपचा तुकडा भिंतीत तुटून राहतो. मग टाइल्स फोडण्यावाचून गत्यंतर नसतं. नळ माफक जोराने फिरत नसेल तर तिथेच थांबायचं. नवीन नळ बसवताना आटे आपल्याकडे धरून टेफ्लॉन टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, आठ-दहा वेढे ताणून गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर नळ आत जाताना ती उलगडत जाते आणि सांधा पहिल्याच दिवशी पाझरतो.

भिंतीला ड्रिल मारतानाही असंच जपायला हवं. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली तारा असतात, नळाच्या सरळ वर आणि आडव्या रेषेत पाइप असतात. त्या पट्ट्यांत भोक पाडायचं नाही. स्टुलावर उभं राहून छताचं काम करायचं नाही, घडीची शिडी घ्या आणि ती धरायला खाली माणूस असू द्या. आपण शॉकला घाबरतो, पडण्याला घाबरत नाही, आणि कंबर मोडते ती बहुतेक पडण्यानेच.

गॅसबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, तरी सांगून ठेवते. शेगडीच्या बर्नरची भोकं साफ करणं आणि नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघणं, एवढंच आपलं काम. रबरी सुरक्षा नळी दर पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावर तारीख छापलेली असते. रेग्युलेटर उघडणं, पाइप गॅसच्या लाइनला हात लावणं, गॅस गीझर बंद बाथरूममध्ये बसवणं हे कुणीही करू नये. गॅस गीझरच्या धुरात वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड असतो आणि अंघोळ करणाऱ्याला तो जाणवतही नाही. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा क्रमांक फ्रिजवर लिहून ठेवा.

आता तुमच्या छताच्या ओलीकडे येते. तुमचे पैसे सगळ्यात जास्त तिथे वाया जात आहेत.

वॉटरप्रूफ रंग खालून मारू नका. पाणी वरून येतंय. खालून रंगाचा पापुद्रा लावला तर पाणी थांबत नाही, ते स्लॅबमध्ये अडकतं. महिन्या-दोन महिन्यांत रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात, आणि तोवर ओल शेजारच्या बेडरूमच्या भिंतीत उतरलेली असते. त्याहून वाईट गोष्ट आत घडते. स्लॅबमधल्या सळ्या ओलीने गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, त्यामुळे सळीभोवतीचं काँक्रीट आतून ढकललं जातं आणि त्याची खपली सुटते. रंगामुळे हे सगळं झाकून जातं. ओल बंद होऊन छत पूर्ण वाळल्याशिवाय तिथे लांबीही लावू नका आणि रंगही नको. त्या छतात दिवा किंवा एक्झॉस्टचा पॉइंट असेल तर तो आजपासून बंद ठेवा.

मग पाणी येतं कुठून? ते आपली चाल सोडत नाही, फक्त धीराने बघावं लागतं. एक वही घ्या आणि पंधरा दिवस लिहून काढा: थेंब किती वाजता वाढतात, किती वाजता कमी होतात. दिवसरात्र, अगदी पहाटेही, एकाच वेगाने पडत असतील तर संशय दाबाखालच्या पाइपवर, म्हणजे नळाला पाणी पुरवणाऱ्या भिंतीतल्या लाइनवर. सकाळी अंघोळीच्या वेळी आणि त्यानंतर काही तास वाढत असतील तर संशय सांडपाण्यावर: नहाणी ट्रॅपचा (नहाणीच्या जाळीखालच्या भांड्याचा) सांधा, टाइल्समधल्या भेगा, कमोडचा जोड. आणि पावसातच वाढत असेल तर बाहेरची भिंत, डक्टमधला पाइप किंवा खिडकीचा कठडा. पेन्सिलने ओलीच्या कडेने रेघ मारून शेजारी तारीख लिहा. दर चार दिवसांनी नवी रेघ मारा. एखादा जाणता माणूस आला की ह्या रेघा आणि ती वही त्याला अर्ध्या तासात जे सांगतील, ते तीन फेऱ्यांत कळलं नव्हतं. ही पाहणी हे तुमच्या यजमानांचं काम आहे आणि त्यांच्यासारखा चौकस माणूस ते उत्तम करेल.

वरच्या शेजाऱ्यांचा युक्तिवाद त्यांना प्रामाणिकपणे पटलेला असणार, पण तो टिकत नाही. त्या काळातल्या बहुतेक इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाजूच्या खोलीपेक्षा फूट-सव्वा फूट खाली घेतलेला असतो. त्या खड्ड्यात सांडपाण्याचे पाइप टाकतात, वर विटांचे तुकडे भरतात आणि त्यावर टाइल्स बसवतात. टाइल्सच्या सांध्यांतून किंवा नहाणीच्या जोडातून गळलेलं पाणी आधी या भरावात साठतं आणि तिथून हळूहळू खाली झिरपतं. म्हणून घरात माणूस नसतानाही आठ-दहा दिवस थेंब पडू शकतात. भांडण न करता त्यांना हे समजावून सांगा आणि दोन चाचण्यांसाठी सहकार्य मागा. पहिली: रात्री झोपताना त्यांनी बाथरूमचा पुरवठ्याचा कॉक बंद करायचा, सकाळी तुम्ही थेंब मोजायचे, असं काही रात्री करायचं. भरावात पाणी असेल तर थेंब लगेच थांबणार नाहीत, पण लाइन गळत असेल तर चार-पाच रात्रींत फरक दिसतो. दुसरी: नहाणीचं तोंड बंद करून जमिनीवर इंचभर पाणी २४ तास उभं करायचं आणि भिंतीवर पातळीची खूण करायची. थोडं पाणी वाफ होऊन उडतं, पण पातळी ठळकपणे उतरली तर गळती जमिनीतून आहे. पातळी जागेवर राहिली तर नहाणी ट्रॅप आणि त्यापुढचा पाइप बघायचा. रंगीत पाणी नहाणीत ओतून खाली रंग उतरतो का बघणं हीदेखील चांगली चाचणी आहे, फक्त भरावातून रंग यायला बरेच दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी दिसला नाही म्हणून निकाल लावून मोकळं होऊ नका.

गळती टाइल्सच्या सांध्यांतून निघाली तर जुनं ग्राउट (सांध्यांत भरलेला मसाला) खरवडून इपॉक्सी ग्राउट भरून घेणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि आधी तोच करून बघावा. ट्रॅपचा सांधा असेल तर जमीन फोडावी लागते, वॉटरप्रूफिंग नव्याने करावं लागतं, आणि टाइल्स बसवायच्या आधी पुन्हा पाणी उभं करून बघावं लागतं. या वेळी किमान ४८ तास. ही चाचणी खालच्या मजल्यावरून तुम्ही स्वतः बघायची. 'पाणी लावून बघितलं, ओके आहे' या शब्दावर टाइल्स बसवू देऊ नका. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईच्या बाजूला पाऊस पोचतो आणि ओला भराव मग ऑक्टोबरपर्यंत वाळत नाही. हे काम एप्रिल-मेमध्येच उरकायला हवं.

खर्च कुणाचा, यावरून सोसायट्यांत वर्षानुवर्षं अबोला धरलेली घरं मी पाहिली आहेत. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची आणि बाहेरच्या भिंतींतून येणारं पावसाचं पाणी, तसंच बाहेरचे पाइप हा संस्थेचा खर्च. घराच्या आतल्या संडास, बाथरूम, सिंक यांची गळती संबंधित सदनिकाधारकांनी निस्तरायची. त्यामुळे आधी कारण शोधायचं आणि मगच पैशांची बोलणी करायची. सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, सोबत वहीतल्या नोंदी आणि रेघांचे फोटो जोडा. त्याच अर्जात इमारतीचा शेवटचा स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीच्या तपासणीचा) अहवाल मागा. १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी व्हायला हवं, तीस ओलांडली की दर तीन वर्षांनी. ओल आलेल्या जागी छतावर हातोडीच्या दांड्याने हळूच ठोकून बघा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ वाजलं, खपली सुटली किंवा गंजलेली सळई दिसली, तर प्लंबर आणि रंगारी दोघांनाही थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायचं. सिमेंट थापून ती सळई पुन्हा झाकायची नाही.

भिंत काढण्याबद्दल थोडक्यात. नाही. निदान आत्ता नाही आणि घरच्या हातोड्याने कधीच नाही. ती भिंत कदाचित नुसती भरावाची असेल, कदाचित तिच्यात बीमला आधार देणारं काही असेल, तिच्यातून पाइप जात असतील. बाहेरून बघून ते कळत नाही. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरला चार मजली इमारत कोसळून १७ माणसं गेली, तेव्हा तळमजल्यावरच्या नूतनीकरणात खांबांना धक्का लागल्याचा आरोप झाला होता. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांच्या हातात तेव्हा काहीच नव्हतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत, सोसायटीची परवानगी आणि लागेल ती पालिकेची परवानगी, हे झाल्याशिवाय एक वीटही हलवू देऊ नका. इथे तुम्ही नवऱ्याला अडवा, आणि तो कितीही रुसला तरी मागे हटू नका.

तुमचा प्लंबर तीनदा आला आणि उपयोग झाला नाही, यात त्याचा दोष किती हे मला सांगता येणार नाही. 'गळतंय, बघा' एवढ्यावर बोलावलं तर येणारा माणूस समोर दिसेल ते करतो. या वेळी तसं करू नका. वही दाखवा, चाचण्यांचे निकाल सांगा आणि विचारा: तुमच्या मते पाणी कुठून येतंय, आणि ते तिथूनच येतंय हे कसं ओळखलंत? याचं उत्तर जो शांतपणे देतो, गरज पडली तर 'आधी अमुक उघडून बघू, मग सांगतो' म्हणतो, तो कामाचा माणूस. न बघता खात्री देणाऱ्याला नमस्कार करा. शोधाशोधीचं काम रोजावर द्यावं, कारण त्यात किती वेळ जाईल हे कुणालाच ठाऊक नसतं. कारण पक्कं कळल्यावरचं काम उक्तं द्यावं, आणि त्यात काय काय धरलंय ते कागदावर असावं: फोडकाम, राबिट (फोडलेला माल) खाली नेणं, वॉटरप्रूफिंग, टाइल्स, ग्राउट, मालासकट की मालाशिवाय. उचल एक तृतीयांशापेक्षा जास्त देऊ नये आणि शेवटचा हप्ता पाण्याच्या चाचणीनंतर द्यावा. पण ठरलेली मजुरी नंतर घासाघीस करून कापू नका. ज्या माणसाला गेल्या वेळी नीट पैसे मिळाले, तोच पावसात रात्री आठला फोन उचलतो.

काम चालू असताना यजमानांनी शेजारी उभं राहावं, प्रश्न विचारावेत, भिंत उघडी असताना पाइप आणि तारांचे फोटो मोजपट्टी लावून काढून ठेवावेत. शिकण्याची त्यांची हौस इथे खरी कामी येईल. आणि एक विनंती: आलेल्या माणसाला चालू लाइनवर काम करू देऊ नका, त्याने 'सवय आहे हो' म्हटलं तरी. गावच्या घरी सेप्टिक टँक असेल तर तो साफ करायला कुणालाही आत उतरवू नका. सुरक्षेची साधनं न देता असं काम करवून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या टाकीतल्या वायूने माणूस आत उतरताच बेशुद्ध पडू शकतो. मशिनची गाडी बोलवा.

सासूबाईंना शॉकची भीती बसली आहे आणि ती रास्त आहे. त्यांना हा विजेचा भाग वाचून दाखवा. वायरमन येऊन गेला, आरसीसीबी लागला आणि तो पडतो हे त्यांनी स्वतः बटण दाबून पाहिलं, की खिळ्याबद्दलची त्यांची हरकत बहुधा आपोआप मावळेल.

नवऱ्याशी बोलताना 'तुला जमणार नाही' असं म्हणू नका, कारण ते खरंही नाही. त्यांना जमतं. ह्या कामात चूक झाली तर ती आपल्याला दिसणार नाही, एवढंच म्हणा आणि कुठली चूक ते दाखवा. हाताने काम करणाऱ्या माणसाला कारण सांगितलं की पटतं.

संगमेश्वरच्या पत्र्यांबाबत मात्र मला तुमच्याइतकीच काळजी वाटते. जुना सिमेंटचा पत्रा वरून भक्कम दिसतो, पण उन्हापावसात तो ठिसूळ होतो आणि माणसाच्या वजनाखाली काहीही पूर्वसूचना न देता फुटतो. माणूस थेट खाली जमिनीवर येतो. ज्यांना सवय आहे ते आधाराच्या लाकडावर, बोल्टच्या रेषेवर फळी टाकून तिच्यावरूनच चालतात, मधल्या पत्र्यावर पाय देत नाहीत. मेच्या अखेरीस एखादी सर पडून गेली असेल तर शेवाळाने तो निसरडाही होतो. त्यातून जुन्या पत्र्यांत ॲसबेस्टॉस असतं. ते करवतीने कापणं, कोरडे घासणं, भोकं पाडणं यातून उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते. काढायचेच असतील तर ओले करून, अखंड उतरवायचे.

गावात दरवर्षी घरं शाकारणारी माणसं असतात. पावसाच्या तोंडावर त्यांना उसंत नसते, म्हणून आत्ताच फोन करून मेच्या पहिल्या पंधरवड्यातली तारीख ठरवून घ्या. यजमानांनी त्याच्या दोन दिवस आधी पोचावं आणि भर दुपारी पडवीत खाली उभं राहून वर बघावं. जिथून उन्हाचा कवडसा आत येतो तिथून पाणी येणार. त्या प्रत्येक जागेच्या जवळच्या वाशावर खडूने खूण करावी, किती पत्रे, किती बोल्ट, किती वायसर लागतील ते मोजावं, माल देवरुखहून किंवा संगमेश्वरहून आणून ठेवावा. खालच्या पन्हळीतला पालापाचोळा शिडीवरून त्यांनी काढला तर हरकत नाही, शिडी धरायला कुणीतरी हवं. वर चढायचं काम त्या माणसांचं.